टूरिंग कारच्या सीझनआधी टीम बदलायची असेल तर: बेळगावहून नव्याने उतरणाऱ्यांसाठी

बेळगावच्या उद्यमबागेत माझं छोटं मशीन शॉप आहे. दोन लेथ, एक मिलिंग, तीन माणसं. दिवसभर हायड्रॉलिकचे पार्ट निघतात आणि संध्याकाळी भाच्याच्या रेसिंगचा हिशेब चालतो. गाडी तो चालवतो. फोन, पैसे, कागद, डबा, आणि हरल्यावर त्याच्या आईशी बोलणं ही कामं माझ्याकडे. आजवर आम्ही दोनदा टीम बदलली. पहिल्या खेपेला चांगलेच फसलो. दुसऱ्या खेपेला निभावलं, तेही पहिल्या खेपेच्या जखमा ताज्या होत्या म्हणून.

आता खानापूर, निपाणीकडच्या पोरांचे फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला: "काका, कुठली टीम चांगली?" मी उलट विचारतो, "गाडीजवळ कोण उभं राहणार आहे ते विचारलंस काय?" पुढचं सगळं त्या एका प्रश्नाभोवतीच फिरतं.

अगदी नवख्यांसाठी दोन ओळी. रस्त्यावर दिसते तीच सेडान किंवा हॅचबॅक आतून रिकामी करायची, पाइपचा पिंजरा बसवायचा, एकच सीट ठेवायची, सस्पेन्शन आणि इंजिन नियमात बसेल तेवढं बदलायचं, की झाली टूरिंग कार. आपल्या राष्ट्रीय स्पर्धेत इंडियन टूरिंग कार्स, ज्युनियर टूरिंग कार्स, सुपर स्टॉक असे वर्ग चालत आले आहेत. दक्षिणेतले जुने ट्रॅक दोन: चेन्नईजवळ इरुंगाट्टुकोट्टईचा, साधारण ३.७ किलोमीटरचा, आणि कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे, २.१ किलोमीटरचा. उत्तरेत ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट, तो आपल्याला लांब.

१. आधी स्वतःचं नाव सरळ करा

हसू नका. आमचा पहिला महिना यातच गेला.

स्पर्धेत उतरायला एफएमएससीआयचं, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचं, स्पर्धा-लायसन्स लागतं. आरटीओचं लायसन्स वेगळं, हे वेगळं. ते वर्षापुरतं असतं, दरवर्षी नवं काढायचं. अर्ज ऑनलाइन भरायचा, सोबत डॉक्टरांची तपासणी, रक्तगट, फोटो, ओळखपत्र. मुलगा अठराच्या आतला असेल तर आईवडिलांची संमती.

आता आपल्या भागाची गंमत. शाळा मराठी, त्यामुळे दाखल्यावर नाव मराठी वळणाचं. आधारवर कन्नड आणि इंग्रजी. कन्नडवरून इंग्रजी करताना ऑपरेटरने जे ऐकलं ते टाइप केलं. चौगुले आडनाव एकाच घरात दोन-तीन स्पेलिंगांनी सापडतं. त्यात २०१४ च्या १ नोव्हेंबरला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, म्हणून जुन्या कागदांवर एक गाव आणि नव्या कागदांवर दुसरं. लायसन्सवर एक स्पेलिंग, बँक खात्यावर दुसरं, करारावर तिसरं असं झालं की शेवटी पैसे अडकतात. पासपोर्ट असेल तर त्यावरचं स्पेलिंग प्रमाण धरा आणि बाकी सगळं त्याला जुळवून घ्या. हे काम दिवाळीनंतर निवांत करायचं आहे, सीझनच्या तोंडावर धावपळ करत नाही.

२. बातम्या वाचताना ड्रायव्हरच्या मागे बघा

सीझन संपला की कोण कुठे गेला याच्या बातम्या सुरू होतात. ब्रिटिश टूरिंग कार चॅम्पियनशिप फॉलो करत असाल तर तिथला हिवाळा याच गप्पांत जातो. नवशिक्याने त्या जरूर वाचाव्यात, फुकटचं शिक्षण आहे. फक्त वाचायची रीत ठाऊक हवी.

तिथल्या कॉलिन टर्किंग्टन या ड्रायव्हरचं उदाहरण घ्या. २००९ आणि २०१४ चे किताब त्याने वेस्ट सरे रेसिंगच्या बीएमडब्ल्यूत जिंकले. २०१५ ला टीम बदलून तो फोक्सवॅगन सीसीत बसला, २०१६ ला सुबारूत. ड्रायव्हर तोच, हात तेच, पण किताब काही आला नाही. २०१७ ला जुन्या टीममध्ये परतला आणि २०१८, २०१९ असे लागोपाठ दोन किताब घेतले. म्हणजे चारही किताब एकाच टीमचे.

उलट बाजूला ॲश सटन. २०१७ ला सुबारू, २०२० आणि २०२१ ला इन्फिनिटी, दोन्ही मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या. २०२२ ला तो फोर्ड फोकसमध्ये गेला, जी पुढच्या चाकांवर चालते. त्या वर्षी किताब टॉम इंग्रॅमने नेला. सटनने २०२३ ला परत मिळवला. बातम्यांत ठळक अक्षरात ड्रायव्हरचं नाव होतं, पण त्याचा रेस इंजिनियरही सोबत गेला होता ही ओळ मला जास्त मोलाची वाटते. ज्याला तुमची भाषा कळते असा माणूस बरोबर असला तर गाडी अनोळखी असली तरी चालतं.

अजून एक. तिकडे प्रत्येक गाडीमागे आयोजकांचा परवाना लागतो, त्याला टीबीएल म्हणतात. परवाने मोजके, म्हणून जागाही मोजक्या. एक टीम बंद पडली की तिचा परवाना कुठे गेला ते बघायचं, ड्रायव्हर बहुतेक त्याच्याच मागे दिसतो. आपल्याकडे असला परवाना नाही, पण चालत्या अवस्थेतल्या चांगल्या गाड्या इथेही मोजक्याच आहेत. कुठली गाडी विकली गेली, कुणाच्या गॅरेजला गेली, हे कळलं की निम्मी बातमी कळली.

३. चौकशी लवकर, आणि मेकॅनिककडे

टीमचा मालक कधी "जागा नाही" म्हणत नाही. तो म्हणतो, "बघू, करू काहीतरी." त्याच गाडीसाठी तो तिघांशी बोलत असतो. यात त्याचा फार दोष नाही, त्यालाही सीझन काढायचा असतो. पण आपण ते आश्वासन समजून बसतो. पहिल्यांदा टीम बदलताना आमचं नेमकं हेच झालं. तोंडी शब्दावर थांबलो, दुसऱ्या टीमला नाही म्हणालो, आणि सीझनला तीन आठवडे असताना कळलं की आमची सीट आगाऊ रक्कम भरणाऱ्या दुसऱ्या मुलाला गेली.

म्हणून पॅडॉकमध्ये, म्हणजे ट्रॅकमागे टीमच्या गाड्या उभ्या असतात तिथे, गाडीखाली झोपलेल्या माणसाशी ओळख ठेवा. पुढच्या वर्षी कुठली गाडी राहणार, कुठलं इंजिन उघडायला आलंय, कोण मेस्त्री नोकरी सोडणार, हे त्याला मालकाच्या आधी ठाऊक असतं. चहा पाजायचा, पान्हा हातात द्यायचा, गप्प ऐकायचं. चेन्नई-कोइम्बतूरला भाषेची अडचण येत नाही. पॅडॉकची अर्धी भाषा इंग्रजी पार्टांच्या नावांची आहे आणि उरलेली हातवाऱ्यांची. बंगळूरकडचे बरेच लोक असतात, तिथे आपलं बेळगावी कन्नड कामाला येतं. दुसऱ्या टीमची खरी माहिती मला एका हुबळीच्या इलेक्ट्रिशियनने कन्नडमध्येच दिली.

ट्रॅकवर अजून गेलाच नसाल तर आधी कोल्हापूर गाठा. तिथे गो-कार्टचा ट्रॅक आहे आणि मोटर रेसिंगचं वेड जुनं आहे. फोक्सवॅगनच्या एमेओ कपमध्ये धावलेला ध्रुव मोहिते तिथलाच. बेळगावहून दोन-अडीच तासांवर, सकाळी जाऊन रात्री घरी.

४. गाडी बघायला जाताना खिशात व्हर्नियर

दुसऱ्या खेपेला एका टीमने बोलावलं. गॅरेज झकास, फरशी पुसलेली, भिंतीवर हत्यारं ओळीत. गाडीचा रंग नवा. भाचा हरखला. मी दार उघडून खाली वाकलो आणि सीट पकडणारे कंस, म्हणजे ब्रॅकेट, बघितले. ॲल्युमिनियमचे होते. व्हर्नियर लावला: ३ मिलिमीटर.

एफआयएच्या, म्हणजे मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या, नियमानुसार सीट किमान चार ठिकाणी, किमान ८ मिलिमीटरच्या बोल्टने पकडलेली हवी. कंस पोलादी असेल तर किमान ३ मिलिमीटर जाड, हलक्या मिश्रधातूचा असेल तर ५. कुणीतरी पोलादाचा आकडा लक्षात ठेवून ॲल्युमिनियम कापलं होतं. विचारलं तर म्हणाले, "आजपर्यंत कुणी अडवलं नाही." मी भाच्याकडे बघितलं, त्याने बॅग उचलली.

तुमच्याकडे मशीन शॉप नसलं तरी एवढं बघता येतं:

सीट आणि बेल्टवरचं लेबल. बेल्टच्या पट्ट्यावर शिवलेल्या लेबलवर कुठल्या वर्षापर्यंत चालेल ते छापलेलं असतं. सीटच्या ८८५५-१९९९ मानकात बनवल्यापासून पाच वर्षं धरतात. लेबल कापलेलं दिसलं तर का कापलं ते विचारा.

पिंजऱ्याचे जोड. वेल्डिंग पाइपच्या सगळ्या बाजूंनी फिरलंय का, की दिसतं तेवढ्याच बाजूला आहे? छताकडच्या जोडाच्या मागे बोट फिरवा.

टायरचा ढीग. जुने टायर कसे झिजलेत त्यावरून गाडीचं अलाइनमेंट कळतं. आपल्या गल्लीतला टायरवालाही हे सांगेल.

आणि शेवटी, या गाडीवर रेसच्या दिवशी कोण काम करणार त्याला भेटा. मालकाला नाही, त्याला. तो गेल्या वर्षी कुठे होता, यंदा किती गाड्या त्याच्या अंगावर आहेत, ते विचारा. एका मेस्त्रीकडे तीन गाड्या असतील तर तुमची तिसरी असणार हे धरून चाला.

५. टेस्टचा दिवस

टेस्टचे पैसे लागतात, द्या. टेस्ट न करता सीझनचे पैसे भरणं म्हणजे पोरगी न बघता हॉल बुक करणं.

वही घेऊन बसा. प्रत्येक वेळी गाडी बाहेर गेली की लिहा: किती लॅप, टायर नवे की किती वापरलेले, टाकीत पेट्रोल किती, ऊन की ढग. नव्या टायरवर वेळ आपोआप कमी होते, आणि ग्राहकाला खूष करायला दुपारी नवा जोड चढवणारे लोक आहेत. एकाच जोडीवर सकाळी आणि दुपारी धावा, तेव्हा गाडी कळते. जमलं तर टीमच्या जुन्या ड्रायव्हरला त्याच गाडीत, त्याच टायरवर पाच लॅप मारायला सांगा. तो किती पुढे आहे हा आकडा तुमचा खरा आकडा. हे ऐकायला कुणाला आवडत नाही. भाचा दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हता.

पुढच्या चाकांच्या गाडीची सवय असेल आणि नवी मागच्या चाकांची असेल, किंवा उलटं, तर एका टेस्टवर निकाल काढू नका. कोपऱ्यात पाय कधी सोडायचा, कधी दाबायचा, हे सगळं नव्याने शिकावं लागतं. सटनसारख्यालाही फोकसमध्ये पहिल्याच वर्षी किताब मिळाला नाही, हे स्वतःला सांगा.

६. कागदावर घ्या

ई-स्टॅम्प काढा, त्यावर करार लिहा. वकिलाने लिहिलेला पंधरा पानी नको, दोन पानं पुरतात. पण खालच्या प्रत्येक गोष्टीपुढे हो, नाही किंवा रुपये असं काहीतरी लिहिलेलं हवं.

सीझनच्या रकमेत काय धरलंय: एंट्री फी, टायर, पेट्रोल, टेस्ट, गाडीची ने-आण, मेकॅनिकांचं राहणं-जेवण. जीएसटी धरून की वरून. टायर प्रत्येक राउंडला किती नवे, हा प्रश्न वेगळा विचारा. "टायर आमचे" म्हणणाऱ्याचे टायर गेल्या वर्षीचे असू शकतात.

ठोकल्यावर काय. नव्वद टक्के भांडणं इथे होतात. आमच्या पहिल्या टीममध्ये मागून दुसऱ्याने धडक दिली, बंपर आणि दिवा गेला. बिल आलं त्यात गिअरबॉक्सचं कामही होतं. फोटो नव्हते, जुने पार्ट दाखवले नाहीत, आणि डिपॉझिट त्यांच्याकडे अडकलेलं. आता आमच्या करारात तीन ओळी असतात: ठोकल्यावर गाडी उघडायच्या आधी दोघांच्या समोर फोटो; बदललेला पार्ट आमच्या ताब्यात; एका राउंडची नुकसानभरपाई जास्तीत जास्त अमुक रुपये. तिसऱ्या ओळीवर मालक कुरकुरतात. आकडा वाढवा, पण आकडा असू द्या.

इंजिन आपोआप गेलं तर कुणाचं? रेव्ह, म्हणजे इंजिनचे फेरे, मर्यादेच्या वर गेले होते का हे कुठल्या नोंदीवरून ठरणार? गाडीत डेटा लॉगर, म्हणजे या नोंदी ठेवणारं यंत्र, असेल तर प्रत्येक सत्राचा डेटा तुम्हालाही मिळेल, हे लिहून घ्या. शिकायलाही तोच कामाला येतो.

राउंड रद्द झाला किंवा गाडी उभीच राहिली नाही तर पैसे परत की पुढे जमा?

माणसाचं नाव. "अमुक मेकॅनिक आणि अमुक इंजिनियर या गाडीवर असतील, बदलल्यास पंधरा दिवस आधी कळवू." टीमवाले हसले होते. मी म्हटलं, "लिहा तरी." दुसऱ्या राउंडला माणूस बदलला तेव्हा त्याच ओळीवर आम्हाला टेस्टचा एक दिवस फुकट मिळाला.

प्रायोजक. हे विसरू नका. आपल्या ओळखीचे प्रायोजक म्हणजे फाउंड्रीवाले, हार्डवेअरवाले, एखादा कुंद्याचा दुकानदार. त्यांनी पैसे भाच्याकडे बघून दिलेत, टीमकडे बघून नाही. स्टिकर कुठे, किती मोठा, हे टीमशी आधी ठरवा. टीमचा स्वतःचा ऑइलचा प्रायोजक असेल आणि तुमचा माणूस दुसऱ्या ऑइलचा डीलर असेल तर दोघांपैकी एक नाराज होणार. शिवाय टायर, बॅनर यांत आयोजकांच्या प्रायोजकाचेही नियम असतात, उदाहरणार्थ चेन्नईच्या राष्ट्रीय स्पर्धेमागे एमआरएफ आहे. गाडीच्या कुठल्या जागा आयोजकांसाठी राखीव आहेत ते विचारून मगच दुकानदाराला स्टिकरची जागा दाखवा.

७. अंगावरचं सामान आणि सीट

आपल्याच बेळगावात दुचाकीची हेल्मेटं बनतात आणि देशभर जातात. त्यामुळे घरोघरी चांगलं हेल्मेट आहे आणि प्रत्येक नवा मुलगा तेच घेऊन येतो. ते मोटारीच्या रेसिंगला चालत नाही. इथे आग आणि पिंजऱ्यावर आपटणं धरून चाचणी झालेलं हेल्मेट लागतं: एफआयए ८८५९-२०१५ किंवा स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेचं एसए मालिकेतलं. मानेसाठीचं उपकरण, ज्याला सगळे हॅन्स म्हणतात, ते ८८५८ मानकाचं, आणि ते अडकवायला हेल्मेटवर खुंट्या लागतात. सूट ८८५६ मानकाचा. हातमोजे, बूट, आतले कपडे, बालाक्लाव्हा म्हणजे हेल्मेटच्या आतली कापडी टोपी. नायलॉनचा बनियन घालून सूट चढवला तर सूट घालून उपयोग काय? सेकंडहँड सूट मिळतो, हेल्मेट मात्र सेकंडहँड घेऊ नका. आधी आपटलंय का ते बाहेरून कळत नाही.

नव्या टीमच्या गाडीत सीट आधीच्या ड्रायव्हरच्या मापाची असते. आमच्या गाडीत आधी बुटका माणूस होता. भाचा बसला, स्टिअरिंग फिरवलं आणि म्हणाला, "मामा, गुडघा लागूलालाय बघ." स्टिअरिंग कॉलमच्या कव्हरवर गुडघ्याचा काळा घासही उमटला. दोन तास गेले. पाठ सीटला टेकवायची, खांदा न उचलता हात सरळ करायचा, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर पडलं पाहिजे. क्लच पूर्ण दाबल्यावर गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. कमरेचा पट्टा हाडावर, पोटावर नाही. सगळं जमलं की मार्करने रेलवर खूण केली आणि भोकांची मापं वहीत लिहिली. पुढच्या राउंडला मेस्त्रीने सीट काढून परत बसवली तेव्हा त्या खुणेने अर्धा दिवस वाचवला.

वजनही सांगून ठेवा. रेसनंतर काट्यावर गाडी कमी भरली तर निकाल जातो. ड्रायव्हरसकट वजन मोजत असतील आणि तुम्ही आधीच्या माणसापेक्षा वीस किलो हलके असाल तर ते वीस किलो गाडीत कुठेतरी पट्टीच्या रूपात जाणार. कुठे, हे ठरवताना तिथे हजर राहा.

८. विमा

थोडक्यात. गाडीच्या नेहमीच्या पॉलिसीत रेसिंग वगळलेलं असतं. तुमच्या मेडिक्लेममध्येही असू शकतं. एजंटला तोंडी विचारू नका, पॉलिसीतलं वगळण्याचं पान त्याच्यासमोर वाचा.

९. जुन्या टीमकडून निघताना

खेळ छोटा आहे. आज सोडलेला मालक उद्या बाजूच्या गॅरेजमध्ये असतो आणि ऐन वेळी वायरचा तुकडा त्याच्याकडूनच मागायचा असतो. म्हणून बातमी त्याला तुमच्याकडून कळू द्या, दुसऱ्याच्या स्टेटसवरून नाही. फोन करा, नंतर एक साधं पत्र द्या: देणं इतकं, येणं इतकं, आमचं सामान हे. हॅन्स, सीटचा फोम, हेल्मेटचा रेडिओ आणि सुटे टायर लगेच उचला. आमचा रेडिओ राहिला तो राहिलाच.

नव्या टीमची घोषणा करायची घाई नको. पैसे भरून, करार होऊन, सीट बसल्यावर फोटो टाका. पहिल्यांदा टीम बदलताना आम्ही घोषणा आधीच केली होती. बेळगावात अभिनंदनाचा फ्लेक्सही लागला. मग सीट गेली. फ्लेक्स काढायला आम्हीच गेलो, रात्री अकराला.

१०. फाइल आणि प्रवास

प्लास्टिकच्या एका फाइलमध्ये: स्पर्धा-लायसन्स आणि प्रत, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, आधार, पासपोर्ट असेल तर त्याची प्रत, विम्याचं पान, करार, भरलेल्या रकमांच्या पावत्या, प्रायोजकांच्या स्टिकरचा आराखडा, टेस्टची वही, सीटची मापं. फोटो सहा. पेन दोन, एक कुणीतरी नेतोच.

चेन्नईचा ट्रॅक आपल्याला रस्त्याने फार सोपा आहे. बेळगावला लागून जाणारा ४८ नंबरचा हायवे धारवाड, हुबळी, दावणगेरे, तुमकूर करत बंगळूरला जातो, तिथून होसूर, कृष्णगिरी, वेल्लोर, आणि इरुंगाट्टुकोट्टई त्याच रस्त्याला. आठशे किलोमीटरच्या आसपास. रेसिंग कार स्वतः रस्त्यावर चालवत नेऊ नका, ट्रकवरच न्या आणि मालकीचे कागद ट्रकवाल्याकडे द्या. आपण गाडीच्या आधी एक दिवस पोचायचं. गुरुवारी संध्याकाळी पोचलात तर शुक्रवारी सकाळी सीट बसवायला, बेल्ट आवळायला आणि रेसआधीच्या गाडी-तपासणीच्या रांगेत लवकर उभं राहायला वेळ मिळतो. डब्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असू द्या. तपासणीची रांग जेवणाची वेळ बघत नाही.